तळ्याला भोवंड

खाद्याची पहिली मूठ पडली की तळं उकळायला लागायचं. एकदम शेकडो तोंडं वर यायची, शेपट्या पाण्यावर फटाफट आपटायच्या आणि बांधावर उभ्या असलेल्या धाकटीच्या पदरापर्यंत शिंतोडे उडायचे. "या, मेल्यांनो, या! जन्माचे उपाशी!" असं ती रोज ओरडायची आणि रोज तिला तितकाच आनंद व्हायचा. आता तर बाजाराचा दिवस तोंडावर आला होता. व्यापाऱ्याचा टेम्पो ठरला होता. एकेक चिलापी मासा तळहाताहून रुंद झाला होता.

त्या सकाळी मूठ पडली आणि पाणी तसंच राहिलं.

दाणे तरंगत राहिले. धाकटीनं दुसरी मूठ फेकली, तिसरी फेकली. मग काठाजवळ तिला काहीतरी हलताना दिसलं. एक मासा कमानीसारखा वाकून स्वतःच्या शेपटीमागे लागला होता. गोल, गोल, गोल, भोवऱ्यासारखा. दमला की कुशीवर पडायचा, पांढरं पोट दाखवायचा आणि पुन्हा गिरकी घ्यायचा. पलीकडे दुसरा. त्याच्या मागे चार-पाच. एकाचा डोळा खोबणीतून बाहेर आला होता आणि त्यावर दुधासारखी साय होती.

"अहो! अहो, आधी इकडे या!"

तिचा नवरा तोंडात दात घासायचा फेस घेऊन धावत आला. घरात दोन भावांतला तो धाकटा, म्हणून सगळे त्याला धाकटाच म्हणायचे आणि तिला धाकटी. त्यानं पाण्यात पाहिलं आणि फेस तसाच गिळला.

"हे काय झालंय?"

"मला काय विचारता? तळ्याला भोवंड आल्यासारखं झालंय!"

उन्हाळा अंगावर आला होता. कितीतरी दिवसांत वारा नव्हता. पाणी बांधापासून हातभर खाली गेलं होतं आणि दुपारी त्यात पाय घातला तर आंघोळीच्या पाण्यासारखं लागायचं. तेवढ्याशा पाण्यात मासे मात्र दिवसागणिक वाढत होते, दाटीवाटीनं. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा विहीर आणि वरचं चांगलं शेत थोरल्याकडे गेलं, हा खालचा चिबड, पाणी धरणारा तुकडा धाकट्याच्या वाट्याला आला. त्यात काही उगवेना, म्हणून त्यानं तळं खणलं. तळ्याचं पाणी पाझरून शेजारच्या थोरल्याच्या पट्ट्यात शिरलं, पिकाची मुळं कुजली आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं. शेवटचं बोलणं भर रस्त्यात झालं होतं. थोरला म्हणाला होता, "हे तळं मरेल तेव्हाच माझं शेत जगेल."

धाकटीला ते वाक्य आत्ता आठवलं. आणि नेमकी आत्ताच तिला बांधाच्या पलीकडे पडलेली बाटली दिसली. फवारणीच्या औषधाची, रिकामी, झाकण नसलेली.

तिनं बाटली उचलली आणि चालायला लागली.

"अगं, थांब. आधी विचार तर कर," धाकटा मागून म्हणाला.

"विचार तुम्ही करा. मी विचारून येते."

थोरल्याचं रस्त्यावर इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. शेत पोट भरायला आणि दुकान जीव रमवायला, असं तो म्हणायचा. सकाळची वेळ म्हणजे गिऱ्हाइकांची गर्दी. कुणाचा पंप, कुणाची मोटर. थोरला कोपरापर्यंत काळ्या तेलानं माखलेला, एका इंजिनाच्या पोटात हात घालून बसला होता. धाकटीनं बाटली त्याच्यासमोर आपटली.

"भाऊजी, पोटच्या पोरासारखे वाढवलेत मी ते मासे! विष घालायचंच होतं तर मला घालायचं होतं!"

सगळे पान्हे थांबले. थोरल्यानं हात बाहेर काढला, चिंधीला पुसला. बाटलीकडे पाहिलं.

"ही माझी आहे. काल फवारणी केली माझ्या शेतात. वाऱ्यानं गेली असेल घरंगळत."

"वारा? कुठल्या गावचा वारा? इथं पान हलत नाही महिनाभर!"

कुणीतरी फिसकन हसलं. थोरल्याचा चेहरा तेलाखाली लाल झाला. तोपर्यंत धापा टाकत धाकटा येऊन पोहोचला होता. थोरल्यानं बायकांशी वाद घातला नाही. त्यानं भावाकडे पाहिलं.

"तुलाही असंच वाटतं?"

धाकट्यानं आधी भावाकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग स्वतःच्या पायांकडे. पाय अनवाणीच होते, घाईत चपला राहिल्या होत्या.

"बरं," थोरला म्हणाला आणि पुन्हा इंजिनात हात घालून बसला. पण पान्हा नटावर बसेना. दोनदा घसरला.

इकडे घरी म्हातारीनं आपलं काम सुरू केलं होतं. ही दोघा भावांची आई. राहायची धाकट्याकडे, जीव दोन्हीकडे. पोरगा आणि सून भांडायला गेलेत म्हटल्यावर तिनं काठावर गिरक्या घेणारे मासे टोपलीनं उपसले, अंगणात पाट मांडला आणि सुरी काढली. दोघं परत आली तेव्हा खवल्यांचा ढीग पडला होता.

"आई, काय करताय? आजारी मासे आहेत ते!"

"आजारी म्हणजे मेलेले नव्हेत. गोल फिरतात म्हणून काय झालं? तुझा नवराही दिवसभर गोल फिरतो, त्याला टाकलास का तू? साफ करून ठेवते, संध्याकाळी बाजारात जातील."

म्हातारीचा हात चालायला लागला की बघत राहावं. शेपटीकडून डोक्याकडे सुरीचे चार फराटे, पोटाला एक चीर, अंगठ्यानं एका दमात सगळी घाण बाहेर. वर्षानुवर्षं पाण्यात राहून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, त्यात मीठ गेलं तरी तिला कळायचं नाही. पण त्या दिवशी एका माशानं सुरीखाली अखेरची उसळी मारली आणि पाठीचा काटा तिच्या अंगठ्याच्या बुडाशी खोल घुसला.

"आई गं!" म्हातारीनं अंगठा तोंडात घातला, चोखला, थुंकली आणि पुढचा मासा घेतला.

"रक्त आलंय. धुवा तरी," धाकटी म्हणाली.

"काट्याला भ्यायलं तर मासे कुणी खायचे?"

संध्याकाळी बाजारात कुणी गेलंच नाही. तोपर्यंत तळ्यात पांढरी पोटं वाढली होती आणि दोघं नवरा-बायको ती उपसण्यातच होती. म्हातारी जेवली नाही. अंगठा ठणकतो म्हणाली आणि पडून राहिली.

सकाळी धाकटी चहा घेऊन गेली तर म्हातारीचे दात कडाकडा वाजत होते. घरात बाकीच्यांना घामाच्या धारा लागल्या होत्या आणि म्हातारी गुडघे पोटाशी घेऊन थडथडत होती. धाकटीनं एक पांघरूण घातलं, दुसरं घातलं, घरातलं होतं नव्हतं ते सगळं घातलं. खाट हलायची थांबेना. मग थंडी सरली आणि अंग तव्यासारखं तापलं.

"हात बघू, आई."

हात ओळखू येईना. बोटं सुजून एकमेकांना टेकली होती. अंगठ्यापासून मनगटाच्या वरपर्यंत कातडी लालभडक, ताणलेली, चकचकीत. बोट लावलं तर म्हातारी किंचाळली. कातडीवरून एक लाल रेघ कोपराकडे चालत गेली होती, कुणी कुंचल्यानं ओढावी तशी. काखेत सुपारीएवढं अवधाण, दुखरी गाठ, आलं होतं.

"उठा हो!" धाकटी ओरडली. "दवाखान्यात न्यायचं. आत्ताच्या आत्ता!"

पण न्यायचं कशात? मोटरसायकलवर म्हातारी बसू शकत नव्हती. तिची मान एका बाजूला कलत होती आणि ती मधूनच वारलेल्या नवऱ्याला जेवायला हाक मारत होती. आसपास चार चाकांची गाडी एकच. थोरल्याची. इंजिनं आणायला-न्यायला घेतलेली पिकअप.

धाकटा दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. "मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

"तोंड मी वापरलंय, मीच जाते," धाकटी म्हणाली आणि पळत सुटली.

थोरल्याच्या अंगणात त्याची बायको, थोरली, भांडी घासत होती. जावेला बघून तिचे हात थांबले, पण ती उठली नाही. राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली, "आता आणखी कसली बाटली सापडली?"

"ताई, आई तापानं फणफणल्यात. हात सुजलाय. बडबडायला लागल्यात." धाकटीला दम लागला होता. "काय बोलायचं ते मला नंतर बोला. हवं तर मारा. गाडी काढायला सांगा."

थोरली काही म्हणायच्या आत घरातून किल्लीचा आवाज आला. थोरला बनियनवरच बाहेर आला, धाकटीकडे न बघता तिच्या अंगावरून गेला आणि गाडीत बसला. थोरलीनं हातातलं भांडं टाकलं, घरातली गादी खेचून आणली आणि गाडीच्या मागच्या बाजूला पसरली. "बघतेस काय? दुसरं टोक धर!"

मोठ्या रस्त्यावरच्या दवाखान्यापर्यंत थोरल्यानं पिकअप अशी हाणली की खड्ड्यांना आपण खड्डे आहोत हेही कळलं नाही. धाकटी आणि धाकटा मागं म्हातारीला धरून बसले होते. म्हातारी मधूनच डोळे उघडायची. "कोण चालवतंय?"

"दादा," धाकटा म्हणाला.

"तरीच. लहानपणापासून घाई." आणि पुन्हा डोळे मिटायची.

डॉक्टरीणबाई तरुण होती, केस घाईत बांधलेले. तिनं हात पाहिला, लाल रेघ पाहिली, काख चाचपली, ताप बघितला, बोटाला टोचून साखर तपासली आणि आकडा बघून भुवया वर केल्या.

"साखरेचा आजार आहे यांना?"

"आहे. गोळ्या घेतात."

"गोड बंद आहे?"

"साखर बंद आहे," म्हातारी खाटेवरून पुटपुटली. "गुळाचं कुणी काही बोललं नव्हतं."

डॉक्टरीणबाई गालात हसली, पण तिचे हात थांबले नाहीत. तिनं खिशातून पेन काढलं आणि लाल भागाच्या कडेकडेनं म्हातारीच्या हातावर निळी रेघ ओढली. "ही कड बघा. लाल कातडी इथं संपते आणि चांगली इथं सुरू होते, शेताच्या बांधासारखी. हा बांध ओलांडून लाली वर सरकायला लागली की मला लगेच हाक मारायची. थंडी कधी वाजली? एकदम?"

"सकाळी. काल तर चांगल्या होत्या."

"आणि हाताला काय लागलं?"

"माशाचा काटा," धाकटी म्हणाली. "मासे साफ करत होत्या."

"कुठले मासे?"

"आमच्याच तळ्यातले. चिलापी. पण ते..." धाकटी अडखळली. थोरला भिंतीला टेकून उभा होता. "ते आजारी आहेत. खात नाहीत. वेड्यासारखे गोल फिरतात. डोळे बाहेर येतात आणि पांढरे होतात. पटापटा मरतायत."

डॉक्टरीणबाईचं पेन हवेतच राहिलं.

"गोल फिरतात? आणि डोळे बाहेर? पाणी फार गरम झालंय का? मासे दाटीनं आहेत?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नाही अजून. शंका आहे. पण फार मोठी शंका आहे!" ती जवळजवळ ओरडलीच. नर्सला तिनं रक्त घ्यायला लावलं, सलाईन लावायला लावलं, पेनिसिलीनचं इंजेक्शन आणायला पाठवलं आणि एकीकडे फोन कानाला लावला. "मत्स्य खात्याचे साहेब आहेत का? मग शोधा त्यांना. जेवत असतील तर उठवा!"

फोन ठेवून ती वळली. "स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू असतात. यांची भाऊबंदकी फार मोठी."

भाऊबंदकी म्हटल्याबरोबर दोघा भावांनी एकदम खाली बघितलं. तिच्या लक्षात आलं नाही.

"एक भाऊ घशात बसतो. घसा लाल, गिळता येत नाही, ताप. पोरांच्या बाबतीत दुर्लक्ष केलं तर पुढे सांधे धरतो, हृदयाची झडप खराब करतो. एक कातडीतून शिरतो. एक बाळंतपणात आई नि बाळाच्या जिवावर उठतो. आणि एक आहे माशांचा. तो माशांच्या मेंदूत जातो, म्हणून ते गिरक्या घेतात. माणसाला तो सहसा काही करत नाही. पण हाताला भेगा, त्यात काटा, वय झालेलं, अंगात साखर वाढलेली, एवढी दारं उघडी मिळाली की त्यालाही आत यावंसं वाटतं. रक्ताचा तपास येईल तेव्हा येईल. मी तोवर हात बांधून बसणार नाही."

"म्हणजे," थोरला पहिल्यांदाच बोलला. घोगरा आवाज. "म्हणजे विष नाही?"

"कसलं विष? विषानं म्हातारीच्या हाताला अशी कड धरली नसती. कोण म्हणालं विष?"

नर्स इंजेक्शन घेऊन आली. थोरला बाहेर निघून गेला.

दुपारी मत्स्य खात्याचा साहेब तळ्यावर आला. ढेरपोट्या, घामानं थबथबलेला, पण पाण्यात पाहिल्याबरोबर त्याची पावलं हलकी झाली. हातमोजे घालून त्यानं गिरक्या घेणारे मासे उचलले, तिथंच चिरले, मेंदूचा कण काचेवर घेतला, पेटीत बर्फात ठेवला. "डॉक्टरीणबाई बरोबर बोलल्या, असं माझं मन सांगतंय. तपासणी होऊन येईपर्यंत थांबलात तर तळ्यात पाणीच उरेल. खाद्य बंद. पूर्ण बंद. मेलेले तासातासाला उपसायचे, चुना टाकून पुरायचे, कुत्र्या-मांजरांना नाही, कोंबड्यांना नाही. उघडा हात पाण्यात घालायचा नाही. आणि मुख्य म्हणजे गार पाणी! भरपूर, उंचावरून पडणारं, म्हणजे हवा मिसळेल. पाणी थंड झालं आणि गर्दीतला श्वास मोकळा झाला तर निम्मे तरी वाचतील."

"गार पाणी," धाकटा म्हणाला. त्याची नजर आपोआप वर, थोरल्याच्या विहिरीकडे गेली.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा टेम्पोही येऊन उभा राहिला. वाऱ्यावर बातमी गेलीच होती. व्यापारी खालीही उतरला नाही. "आहेत तसे आत्ता दे. निम्म्या भावात उचलतो. उद्या मेले तर कुणी फुकट घेणार नाही."

धाकटा बायकोकडे वळला. हळूच म्हणाला, "शिजवल्यावर कुठला जंतू राहतोय?"

"शिजवायच्या आधी कुणीतरी साफ करणार ना?" धाकटी म्हणाली. "तिच्याही हाताला भेगा असतील." आणि मग ती टेम्पोकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "गाडी वळवा, शेठ! इथं माल नाही!"

टेम्पो गेला. धूळ बसली. धाकटीनं पदर खोचला आणि दवाखान्याच्या वाटेला लागली, कारण थोरला आईपाशी होता.

दवाखान्याच्या पायरीवर तो बसला होता. तिनं चपला काढल्या, का ते तिलाही कळलं नाही, आणि खालच्या पायरीवर उभी राहिली. येणारे-जाणारे बघत होते.

"भाऊजी, माझं चुकलं. मी तुम्हाला चारचौघांत नको ते बोलले."

थोरला समोर बघत राहिला.

"उद्या दुकानावर येऊन, जेवढे लोक होते तेवढ्यांसमोर म्हणते. पण आज पाणी पाहिजे. विहिरीचं. आत्ता."

"मला विष घालणारा म्हणालीस."

"म्हणाले."

"आणि हा माझा भाऊ, तो गप्प बसला. तुझ्यापेक्षा ते जास्त लागलं."

"मला माहीत आहे."

थोरल्यानं हाताच्या काळ्या रेषा अंगठ्यानं चोळल्या. त्या साबणानं जात नसत. मग उठला.

"पाणी देतो. माशांना देतो, तुला नाही. कळलं?"

"मासे तुमचे आभार मानतील," धाकटी म्हणाली, आणि तिला रडू फुटायच्या ऐवजी हसूच फुटलं. थोरल्यानं तोंड फिरवलं, पण त्याचीही मिशी हलली.

मग जे काम सुरू झालं! थोरल्यानं आईला नर्सच्या हवाली केलं, दुकानातलं मोठं डिझेल इंजिन पिकअपवर चढवलं, विहिरीच्या काठावर बसवलं. दुरुस्तीला आलेले सगळे पाईप, कुणाचेही असोत, एकमेकांना जोडले. जिथं पुरेनात तिथं जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून आवळल्या. धाकटा हँडल मारायला पुढे झाला. एकदा फिरवलं, इंजिन खोकलं. दुसऱ्यांदा फिरवलं, धूर ओकलं.

"हो बाजूला. हँडल मारतोयस की पाळणा हलवतोयस?"

थोरल्यानं हँडल मारलं. धडधड करत इंजिन पेटलं, पाईप सापासारखा वळवळला, फुगला, एका जोडातून कारंजं उडालं, थोरलीनं त्यावर पाय देऊन उभं राहून ते दाबलं आणि खाली तळ्यावर बांधलेल्या पत्र्यावर गार पाण्याचा लोट कोसळला. पत्र्याचा असा आवाज झाला की वस्तीतली माणसं धावत आली. धाकटीनं लोटाखाली हात धरला आणि किंचाळली, "गार आहे! अहो, बर्फ आहे नुसता!"

पण पाणी आत आलं म्हणजे बाहेरही जाणार. आणि जाणार ते नेमकं थोरल्याच्या पट्ट्यात. तळ्याची कड भरून आली तसे दोघं भाऊ एकाच जागी, एकाच वेळी येऊन उभे राहिले.

"चर खणायला हवा," धाकटा म्हणाला. "बांधाच्या कडेनं, ओढ्यापर्यंत नको, साहेब नको म्हणालेत. माझ्या खालच्या पडीक खड्ड्यात सोडू."

"दोन वर्षांपूर्वी सुचलं नाही हे?"

"दोन वर्षांपूर्वी तू विचारलं नाहीस. नुसता ओरडलास."

थोरल्यानं उत्तर म्हणून कुदळ उचलली. जमीन भाजलेल्या विटेसारखी झाली होती. कुदळीचा घाव पडला की ठिणगी उडायची आणि हाताला झिणझिण्या यायच्या. थोरला खणायचा, धाकटा फावड्यानं घमेली भरायचा, दोघी जावा पळत पळत ती टाकायच्या. पाणी मागं, माणसं पुढं. एकदा चर अर्ध्यावर असतानाच कड फुटली, पाण्याची जीभ थोरल्याच्या शेताकडे वळली, आणि धाकटा सरळ त्या फुटीत आडवा झाला, अंगानं पाणी अडवून ओरडायला लागला, "माती टाका, माझ्यावर टाका!" थोरलीनं घमेलं त्याच्या पोटावर रिकामं केलं. सगळे हसत सुटले. हसत हसत, खोकत खोकत, चिखलानं बरबटून त्यांनी अंधार पडायच्या आत चर खड्ड्याला भिडवला. पाणी वळलं. थोरल्याचं शेत कोरडं राहिलं.

रात्री दोघी जावा दवाखान्यात पोहोचल्या, तर लाली निळ्या रेघेच्या बाहेर दोन बोटं सरकली होती. त्या धावत डॉक्टरीणबाईला घेऊन आल्या. तिनं हात दाबून पाहिला, कातडीखाली करकरतं का, कुठं काळं-निळं पडलंय का, फोड आलेत का, सगळं तपासलं.

"पहिल्या दिवशी थोडं वाढतं. कातडी जिवंत आहे, खोलवर गेलेलं दिसत नाही. आणखी उशीर केला असता तर मी हाताबद्दल आज वेगळं बोलले असते. कदाचित जिवाबद्दलही."

तिनं बाहेरून दुसरी रेघ ओढली. म्हातारीचा हात सलाईनच्या दांडीला उंच टांगून ठेवला होता.

"शाळेत कधी गेले नाही," म्हातारी कण्हत म्हणाली, "म्हातारपणी हात वर करून बसवलं."

ती विनोद करायला लागली म्हणजे ताप उतरतोय, हे दोघी जावांनी एकाच वेळी ओळखलं. सकाळी लाली पहिल्या रेघेच्या आत आली होती. त्यानंतर ती ओसरत्या पाण्यासारखी मागे मागे गेली. कातडीला सुरकुत्या पडल्या, साल निघाली. रक्ताचा तपासही आला: तोच जंतू, माशांच्या मेंदूत सापडला तोच. डॉक्टरीणबाईनं कागद हातात धरून बक्षीस मिळाल्यासारखा सगळ्यांना दाखवला. अंगठा मात्र पूर्वीसारखा वाकेना. "आता मासे साफ करायचे तर हातमोजे घालून, आणि साखर ताब्यात आल्यावर," तिनं बजावलं. "आणि गूळ म्हणजे साखरच, हं आजी."

"म्हणजे त्यांचीही भाऊबंदकी?" म्हातारी म्हणाली.

तळ्यावर पहिले दोन दिवस मेलेले मासे घमेलीच्या घमेली निघाले. चुन्याच्या वासानं डोळे चुरचुरायचे. तिसऱ्या दिवशी एक घमेलं. मग अर्धं. मग एका सकाळी धाकटी सगळा काठ फिरून आली आणि रिकामं घमेलं डोक्यावर पालथं घालून परतली. निम्मे गेले होते, पण निम्मे राहिले होते. दरम्यान तिनं दुकानावर जाऊन, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं आपलं चुकल्याचं सांगितलंही. थोरला इंजिनात डोकं खुपसून होता. "ऐकलं, ऐकलं. पान्हा दे तो बारा नंबरचा," एवढंच म्हणाला. तिनं चौदा नंबरचा दिला.

साहेबानं पुन्हा पुन्हा मासे तपासले, पुरेसे दिवस जाऊ दिले आणि मग हिरवा कंदील दाखवला. ज्या दिवशी जाळं टाकायचं ठरलं, त्या दिवशी वस्तीतलं कुणी घरी थांबलं नाही. रबरी हातमोजे घालून, कोपरापर्यंत बाह्या बांधून सगळे काठावर उभे. म्हातारीला खुर्चीवर बसवून बांधावर आणलं होतं आणि ती ताठ अंगठा नाचवत सगळ्यांना हुकूम सोडत होती. दोघे भाऊ पाण्यात उतरले, एक या टोकाला, एक त्या टोकाला. जाळं फिरलं, आवळत आलं, आणि मधलं पाणी रुपेरी होऊन उसळायला लागलं.

"खालून ओढ! खालून!" थोरला छातीएवढ्या पाण्यातून गरजला. "तळ सोडलास तर सगळे निसटतील! बापानं हेच शिकवलं का तुला?"

"बापानं तुला शिकवलं! मला तू शिकवायचं होतंस!" धाकटा पलीकडून गरजला. "आणि आधी स्वतःचं टोक बघ, तिकडून उड्या मारून चाललेत!"

"मला अक्कल शिकवतोस?"

"शिकवतो! थोरला झालास म्हणून काय झालं!"

एक मोठा मासा जाळ्यावरून उडाला आणि थोरल्याच्या कानफटात बसला. काठावर हशा पिकला. भाऊ मात्र ओरडतच राहिले, ओढतच राहिले.

दोर धरून उभ्या असलेल्या धाकटीनं काळजीनं जावेकडे पाहिलं. "ताई, पुन्हा जुंपली की हो यांची."

"जुंपू दे," थोरली म्हणाली. तिनं दोराचा एक वेढा मनगटाला घेतला आणि टाचा मातीत रोवल्या. "दोन वर्षं घरात नुसती शांतता होती. कान किटले होते माझे. ओढ!"